बाकावर बसणाऱ्यांची मापं

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधासाठी मी अठरा ते चोवीस वयाच्या विद्यार्थ्यांची शारीरिक मापं घेतली. उंची, बसलेली उंची, वाव (दोन्ही हात आडवे पसरल्यावर बोटांच्या टोकांमधलं अंतर), खांद्यांची रुंदी, कमरेचा घेर, कोपराची उंची, मांडीची जाडी, गुडघ्यामागच्या खळग्याची जमिनीपासूनची उंची, हातापायांचे पंजे आणि आणखी बरंच काही. विषय निवडण्यामागचं कारण रोज डोळ्यांसमोर होतं. आमच्या विद्यापीठातल्या जुन्या वर्गखोल्यांत बाक आणि त्याचं डेस्क एकाच लोखंडी सांगाड्यावर जोडलेलं आहे. ते पुढे सरकत नाही, मागेही नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत, म्हणून ती पुढच्या बाकाच्या आडव्या दांडीवर पाय ठेवायची. मागच्या रांगेतल्या उंच मुलांचे गुडघे डेस्कखाली मावायचे नाहीत, म्हणून ती मुलं पाय वाटेत सोडून तासभर तिरकी बसायची. आणि सगळ्यांनी हे आपल्याच अंगाचं न्यून मानून सोडून दिलं होतं. कुणी म्हणायचं मी बुटकी, कुणी म्हणायचं मी लांबडा. मला हे काही केल्या पटत नव्हतं. बाकाचं माप कधीतरी कुणीतरी ठरवलं असणार. ते कुणाच्या अंगावरून ठरवलं, हे मला पाहायचं होतं.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विषय लगेच मान्य केला, पण एक अट घातली. आधी हात बसू दे, मग बाहेरच्या माणसाला हात लाव.

हात बसणं म्हणजे काय, हे स्वतः केल्याशिवाय कळत नाही. खांद्यांच्या रुंदीची व्याख्या पुस्तकात एका ओळीत येते: एका ॲक्रोमियनपासून दुसऱ्या ॲक्रोमियनपर्यंतचं सरळ अंतर. ॲक्रोमियन म्हणजे पाठीवरच्या फऱ्याचा जो आडवा कणा असतो, त्याचं खांद्यावर येऊन संपणारं टोक. हे टोक कातडीखाली, काहींच्या बाबतीत चांगल्या जाड थराखाली असतं. शोधायचं असं: समोरच्याच्या पाठीमागे उभं राहायचं, फऱ्यावरचा आडवा उंचवटा बोटांनी चाचपायचा, त्याला धरून बाहेर सरकत जायचं आणि जिथे हाड एकदम पुढे वळतं तिथे थांबायचं. बोट तिथून जरासं खाली घसरलं की ते दंडाच्या हाडावर जातं आणि खांदे कागदावर भलतेच रुंद होतात. खात्री करायची युक्ती मॅडमनी दाखवली. समोरच्याला हात हलकेच आतबाहेर फिरवायला सांगायचा. दंडाचं हाड बोटाखाली फिरतं, फऱ्याचं टोक जागचं हलत नाही. जे हलत नाही तिथे काजळाच्या पेन्सिलीने बारीक खूण करायची.

आम्ही वर्गातली मुलं-मुली एकमेकांवरच शिकलो. मुलींचा गट वेगळा, मुलांचा वेगळा. सुरुवातीचे कित्येक आठवडे दुपारभर आम्ही दारं लावून हेच करत असू. मोजणाऱ्याने आकडा सांगायचा, लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच कागदावर उतरवायचा. चौसष्ट आणि सहासष्ट यांची कानाला गफलत होऊ शकते, म्हणून आम्ही आकडे सुटे उच्चारत होतो: एक, सहा, चार, पॉइंट, दोन. शेवटी शेवटी घरी फोनवर बोलतानाही माझ्या तोंडून असेच आकडे यायला लागले होते.

उंची घ्यायला अँथ्रोपोमीटर वापरतात. धातूच्या नळीचे चार तुकडे एकात एक बसवले की दोन मीटरच्या आसपास उंचीची, मिलिमीटरच्या खुणांची काठी उभी राहते आणि तिच्यावर एक आडवा दांडा खालीवर सरकतो. काठी ओळंब्यात धरणं हीच मोठी कसरत. माणूसही नुसता सरळ उभा राहून चालत नाही. टाचा जुळलेल्या, वजन दोन्ही पायांवर सारखं, हात मोकळे सोडलेले, आणि डोकं फ्रँकफर्ट पातळीत. म्हणजे कानाच्या भोकासमोरच्या कुर्चेच्या वरची खाच आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड या दोन्ही एका आडव्या रेषेत यायला हव्यात. १८८४ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये जमलेल्या मानवशास्त्रज्ञांनी कवटी कशी धरून मोजायची याचा करार केला, त्यातून ही पातळी आली. आजही कुठल्याही देशातला मोजणारा माणसाचं डोकं याच रेषेत आणतो. मग 'दीर्घ श्वास घे, धरून ठेव' म्हणायचं, दांडा टाळूवर टेकवायचा, केस दबतील इतपत दाबायचा आणि वाचायचं.

केसांचा प्रश्न छोटा वाटतो, पण मुलींच्या बाबतीत तो रोज येतो. अंबाडा, वर बांधलेली पोनी, जाड वेणीचा पेड, सगळं सोडावं लागतं. आम्ही खोलीत कंगवा आणि आरसा ठेवला, म्हणजे मोजून झाल्यावर मुलीला विस्कटलेल्या केसांनी बाहेर जायला लागू नये. कुठल्याही पुस्तकात ही सूचना मला मिळाली नाही. पुढच्या प्रत्येक बॅचने ती पाळावी असं मला मनापासून वाटतं.

डावी बाजू की उजवी, यावरही मतं आहेत. आंतरराष्ट्रीय जैविक कार्यक्रम या जुन्या जागतिक संशोधन उपक्रमाच्या पद्धतीत डावी बाजू मोजतात, आणि आपल्याकडच्या मानवशास्त्रात तीच रूढ आहे. खेळाडूंची मापं घेणाऱ्यांची आयसॅक ही संघटना उजवी बाजू मोजते. कुठलीही घ्या, पण मध्येच बदलू नका, एवढंच मॅडमचं म्हणणं होतं. आम्ही डावी घेतली.

हात बसला की नाही हे आपल्या मनाने ठरवायचं नसतं. त्यासाठी मापनाची तांत्रिक त्रुटी काढतात. त्याच व्यक्तींचं तेच माप, पहिला आकडा न बघता, दुसऱ्यांदा घ्यायचं. दोन्हींतल्या फरकांचे वर्ग करायचे, बेरीज करायची, व्यक्तींच्या संख्येच्या दुपटीने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. उंचीत ही त्रुटी लवकर खाली आली. कमरेच्या घेरात आणि कातडीच्या चिमटीत येता येत नव्हती. चिमटीच्या कॅलिपरला, म्हणजे चिमटीत धरलेल्या कातडीची जाडी मोजणाऱ्या दोन जबड्यांच्या यंत्राला, स्प्रिंग असते. हार्पेंडेन कॅलिपरचे जबडे दर चौरस मिलिमीटरला दहा ग्रॅम असा ठरावीक दाब देतात, म्हणजे दाबाचा प्रश्न यंत्राने सोडवलेला आहे. पण कातडी आणि तिच्याखालची चरबी स्नायूपासून अलग उचलायची ती आपल्याच अंगठ्याने आणि तर्जनीने. ती उचल प्रत्येक वेळी सारखी व्हायला बोटांना फार वेळ लागतो.

यंत्रं हातात येण्याआधी मॅडमनी आम्हाला आणखी एक गोष्ट करायला लावली होती: या यंत्रांचा इतिहास वाचायला. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हर्बर्ट रिस्ली या ब्रिटिश अधिकाऱ्याने बंगालमध्ये हजारो माणसांची नाकं कॅलिपरने मोजली. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून त्याने निर्देशांक काढले आणि जातीचा सामाजिक दर्जा नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणात असतो, असं विधान करून टाकलं. पुढे तोच १९०१च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि जातींची उतरंड सरकारी कागदावर चढली. सरकवायचा कॅलिपर आजही तसाच दिसतो. तो मी पहिल्यांदा एका वर्गमैत्रिणीच्या चेहऱ्याजवळ नेला तेव्हा हे वाचलेलं डोक्यात होतं आणि माझा हात थांबला.

त्याच वाचनात इरावती कर्वे भेटल्या. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या जर्मन मानवशास्त्रज्ञाकडे पीएच.डी. करत होत्या. युरोपीय वंशाच्या कवट्यांची ठेवण वेगळी, म्हणून तो वंश श्रेष्ठ, या अंगाने जाणारं गृहीतक त्यांच्यापुढे ठेवलेलं होतं. त्यांनी कवट्या मोजल्या आणि कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. परक्या देशातली एक विद्यार्थिनी, समोर तिला पदवी देणारे मार्गदर्शक, आणि तिने आकडे जे सांगत होते तेच लिहिलं. पुढे डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रभर मापं घेतली. वि. म. दांडेकर यांच्याबरोबरचं त्यांचं महाराष्ट्राच्या मानवमितीवरचं, म्हणजे माणसांच्या शारीरिक मापांवरचं, काम १९५१ साली आलं. ते जातवार आहे, आणि आज मी तसं काम करणार नाही. पण त्याच वाटेने जाऊन पुढे त्यांनी आणि मानवशास्त्रज्ञ के. सी. मल्होत्रा यांनी एकाच दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या आठ गटांची जैविक तुलना केली आणि दर्जा एक असला तरी शरीरं एक नसतात हे दाखवून दिलं, हेही सांगायला हवं.

आमच्या फॉर्मवर जातीचा रकाना नव्हता. वय, लिंग, लहानपण कुठे गेलं, उजवा हात की डावा, दिवसाकाठी किती तास बाकावर बसतो, एवढंच. बाकाला जात कळायची गरज नाही.

नीतिसमितीची मंजुरी यायला वेळ लागला, पण त्यांनी विचारलेले प्रश्न चांगले होते. मुलींची मापं कोण घेणार? खोलीला पडदा आहे का? अर्ध्यावर सोडून जायचं असेल तर जाता येईल का? संमतीपत्र मराठीत आहे का? आम्ही ठरवलं की मुलींना मी आणि माझी मैत्रीण मोजणार, मुलांना आमचे दोन वर्गमित्र. मुलांच्या बाजूला मी फक्त लिहायला बसणार, आणि तेही त्यांची हरकत नसेल तर. दंड, पोटरी, कोपर, गुडघा इतकंच उघडं लागेल. बाकी पातळ टीशर्ट आणि ट्रॅक पँटवर भागवायचं. वेळ सकाळचीच, सगळ्यांना सारखी.

ही वेळेची अट मुलांना सगळ्यात जास्त आवडली, कारण त्यातले बरेच जण पोलीस भरतीची तयारी करणारे निघाले. महाराष्ट्र पोलीस शिपायाच्या भरतीत मुलांना किमान १६५ सेंटिमीटर उंची लागते, मुलींना १५५. मुलांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटर जास्त भरायला हवी. अभ्यासासाठी माणसं मिळतील का, अशी मला धास्ती होती. प्रत्यक्षात 'फुकटात नीट उंची मोजून देतात' एवढी बातमी वसतिगृहात पोचली आणि सकाळी खोलीबाहेर चपलांचा ढीग लागायला लागला.

त्यातला एक मुलगा मला कधी विसरता येणार नाही. पहाटे धावून तसाच आलेला, बनियन घामाने ओला. काठीखाली उभा राहिला तो श्वास आधीच रोखून. माझ्या वर्गमित्राने दांडा टेकवला आणि म्हणाला, एक, सहा, चार, पॉइंट, सहा. मी आकडा परत उच्चारला आणि लिहिला. तो मुलगा कागदाकडे बघत राहिला. मग विचारलं, "ताई, हे एकशेपासष्ट धरतात का?" मी म्हटलं, मला तिथलं ठरवता येत नाही, पण शरीराचं एक सांगू शकते. पाठीच्या मणक्यांमध्ये ज्या चकत्या असतात त्या दिवसभराच्या वजनाने दबतात, त्यांतलं पाणी कमी होतं आणि माणूस संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर, कधी त्याहून जास्त, उतरतो. रात्री आडवं झालं की ते भरून येतं. बरीचशी घट उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच होते. म्हणजे रात्रभर एसटीत बसून मैदानावर जाणं आणि आदल्या दिवशी पोचून झोपून उठल्यावर जाणं, यात त्याच्यासारख्याच्या बाबतीत फरक पडू शकतो. तो म्हणाला, "मागच्या वेळी मी रात्रभर प्रवास करून गेलो होतो." पुढे काही बोलला नाही. बाकीची सगळी मापं मात्र त्याने न कंटाळता दिली.

एवढ्या अर्ध्या सेंटिमीटरवर पोरांची वर्षं अडकलेली असतात. म्हणूनच मापाची शिस्त मला महत्त्वाची वाटते. काठी तिरकी धरणारा, हनुवटी कुठे आहे हे न बघणारा मोजणारा कुणाच्या तरी आयुष्याशी खेळत असतो.

मुलींच्या बाजूला अडचण उंचीची नव्हती, वजनाची होती. पहिल्याच सकाळी एक मुलगी काट्यावर पाय ठेवण्याआधी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, मोठ्याने नका ना सांगू." पडद्यापलीकडे तिच्याच वर्गातल्या मुली बसल्या होत्या. आकडा मोठ्याने सांगायचा आणि परत म्हणून घ्यायचा ही आमची पद्धत, ती चूक टाळण्यासाठी होती. पण तिचं म्हणणं जास्त खरं होतं. त्या क्षणापासून आम्ही वजन आणि घेर यांचे आकडे बोलणं बंद केलं. मोजणारी काट्याकडे बोट दाखवायची, लिहिणारी स्वतः वाकून वाचायची आणि लिहिलेलं मोजणारीला दाखवायची. दोघींचे डोळे, शून्य आवाज. चुका वाढल्या नाहीत, आणि मुली मैत्रिणींना घेऊन यायला लागल्या.

किती जणी काट्यावर चढताना डोळे मिटून घेतात, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. वीस वर्षांची, टेकडी चढून येणारी, धडधाकट मुलगी, आणि आकडा कळू नये म्हणून छताकडे बघते. लग्नाच्या बाजारात, कपड्यांच्या दुकानात, घरातल्या जेवणावळीत तिला सतत कुणीतरी नजरेने मोजत आलेलं असतं. आमच्या टेपला ती घाबरत नव्हती. टेपनंतर येणाऱ्या शेऱ्याला घाबरत होती. म्हणून आमच्या खोलीत एक कडक नियम होता: कुठल्याही मापावर चांगलं-वाईट काही बोलायचं नाही. 'वा!'सुद्धा नाही.

तरी जाताना जवळपास प्रत्येक जण विचारायचा, मी नॉर्मल आहे ना? याचं प्रामाणिक उत्तर लांबलचक असतं. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो बीएमआय येतो त्याची कल्पना बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केटले यांची, १८३०च्या दशकातली. ते नाव मात्र १९७२ साली अमेरिकी संशोधक ॲन्सेल कीज यांनी दिलं. केटले सरासरी माणूस शोधत होते, एका मुलीचं आरोग्य तपासत नव्हते. शिवाय आपल्या बाबतीत हा आकडा अर्धंच सांगतो. चिमटी घेताना ते मला बोटांना जाणवलं. अगदी सडपातळ, मनगटं काडीसारखी, आणि फऱ्याच्या खालच्या टोकाशी चिमटी घेतली की जाड पदर हातात यायचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हेच मोठ्या प्रमाणावर दाखवलं आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतःच इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने खूप कमी, साधारण २.७ किलोची, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी झालेली नसते. जे कमी असतं ते स्नायूंचं. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध व्हायला सांगितलं आहे, आणि म्हणूनच कमरेचा घेर बघणं गरजेचं. मुलांना ९० सेंटिमीटर आणि मुलींना ८० ही आपल्याकडची सीमा. हे सगळं आम्ही एका चिठ्ठीवर सोप्या मराठीत छापलं आणि प्रत्येकाला त्याच्या मापांसोबत बंद पाकिटात दिलं. तोंडी निकाल कुणालाच दिला नाही.

कामातला सगळ्यात आनंदाचा भाग बसलेल्या उंचीचा. त्यासाठी माणसाला टेबलावर बसवायचं, पाय मोकळे सोडायचे, पाठ ताठ, आणि टेबलापासून टाळूपर्यंत मोजायचं. एकदा दोन मित्र बरोबर आले. उभ्याने दोघांची उंची जवळजवळ सारखी, काही मिलिमीटरचाच फरक. टेबलावर शेजारी शेजारी बसले आणि एकाचं डोकं दुसऱ्यापेक्षा चार बोटं वर गेलं. दोघंही हसायला लागले, मग खाली उतरून परत पाठीला पाठ लावून उभे राहिले, खात्री करायला. बसलेली उंची भागिले पूर्ण उंची, गुणिले शंभर, हा कॉर्मिक निर्देशांक. मोठ्या माणसांत तो पन्नाशीच्या थोडा वर असतो. वयात येईपर्यंत पाय धडापेक्षा जोरात वाढतात, त्यामुळे लहानपणच्या उपासमारीचा, वारंवारच्या आजारपणाचा फटका पायांना जास्त बसतो. म्हणजे मोठेपणीच्या पायांच्या लांबीत बालपणातल्या ताटाचा काही अंश उतरलेला असतो. आईवडिलांकडून आलेला वाटाही असतोच, म्हणून एका माणसाच्या पायांवरून त्याच्या बालपणाबद्दल बोलायचा अधिकार कुणालाच नाही. पण शेकडो जणांची मापं एकत्र मांडली की समाजाने आपल्या मुलांना कसं वाढवलं, याचा अंदाज त्यातून येतो.

अशा अभ्यासांच्या नियमात एक ओळ ठरलेली असते: शारीरिक अपंगत्व असलेल्यांना वगळावं. त्यांच्या मापांनी सरासरी बिघडते, हे त्यामागचं कारण. एका सकाळी व्हीलचेअरवरचा एक विद्यार्थी दाराशी आला आणि म्हणाला, "बाकाचा अभ्यास आहे असं ऐकलं. मी तर बाकावर बसूच शकत नाही, मग माझं माप घेणार की नाही?" मॅडम तिथेच होत्या. त्यांनी त्याला आत घेतलं. उभी उंची नाही, पण वाव, बसलेली उंची, कोपराची उंची, चाकाच्या खुर्चीतल्या गुडघ्याची उंची आणि डेस्कखाली लागणारी मोकळी जागा, हे सगळं आम्ही वेगळ्या कागदावर उतरवलं. त्याचे आकडे सरासरीत गेले नाहीत. प्रबंधात त्यांना स्वतंत्र प्रकरण मिळालं, आणि माझ्या मते ते सगळ्यात उपयोगी प्रकरण आहे.

आकडेमोडीचं फार सांगत नाही. एक्सेलमध्ये भरणं, पुन्हा तपासणं, यात दिवस गेले. पण तिथेच मला माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं. बाकाचं माप सरासरीवरून ठरवलं की ते कुणालाच बसत नाही. अमेरिकी वायुदलात १९५० साली हीच गोष्ट समोर आली होती. चार हजारांवर वैमानिकांची मापं घेतलेली होती आणि विमानाची बैठक सरासरी वैमानिकाच्या मापाची करायची होती. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुणाने ४,०६३ जणांत असा वैमानिक शोधायचा ठरवलं, जो दहाही मापांत सरासरीच्या आसपास असेल. एकही निघाला नाही. या डॅनियल्सने हार्वर्डमध्ये शिकताना विद्यार्थ्यांचे हाताचे पंजे मोजले होते आणि सरासरी पंजा कुणाचाच नाही हे तेव्हाच पाहिलं होतं.

म्हणून बाकाची प्रत्येक बाजू वेगवेगळ्या माणसाला विचारून ठरवावी लागते. बैठक किती उंच हवी, हे सगळ्यात आखूड नडगीच्या मुलीला विचारायचं, कारण उंच माणूस पाय पुढे सोडून बुटक्या बैठकीवर बसू शकतो, पण लोंबकळणाऱ्या पायांना काही इलाज नाही. बैठकीची खोलीसुद्धा आखूड मांडीवाल्यांना विचारायची, नाहीतर पाठ टेकायला जावं तर कड गुडघ्यामागे रुतते. डेस्कखालची जागा मात्र जाड मांडीच्या, उंच गुडघ्याच्या माणसाला विचारायची. रुंदी रुंद कुल्ह्यांच्या मुलीला. आमच्या वर्गातल्या बैठकीची उंची मी टेपने मोजली होती, ती ४६ सेंटिमीटर निघाली. मोजलेल्या मुलींपैकी मोठ्या संख्येच्या मुलींचे गुडघ्यामागचे खळगे त्याच्या बरेच खाली होते. माझ्या मैत्रिणीची नडगी आखूड नव्हती. तिच्यासारख्या नडगीच्या मुली वर्गात भरपूर होत्या, आणि बाक करताना त्यांच्यातल्या एकीलाही कुणी मोजलं नव्हतं.

भारतीय मापं उपलब्धच नाहीत असंही नाही. देबकुमार चक्रवर्ती यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून १९९७ साली देशभरातली मापं एकत्र करून छापली, आणि आजही डिझाइनचे विद्यार्थी तीच उघडतात. कपड्यांसाठी निफ्ट या फॅशन शिक्षणसंस्थेने सहा शहरांत पंचवीस हजार जणांना त्रिमितीय स्कॅनरने मोजायचा प्रकल्प हाती घेतला. स्कॅनर काही सेकंदांत शेकडो मापं देतो आणि हातही लावावा लागत नाही. लाजाळू मुलींसाठी ते किती सोयीचं, हे मला पुरेपूर कळतं. पण फर्निचरच्या निविदेत यातलं कुठलंच पुस्तक जोडलेलं नसतं. तिथे नग, लाकूड, लोखंडाची जाडी आणि किंमत असते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी प्रबंध चाळला आणि थेट विचारलं, "मग बैठक किती करायची, एक आकडा सांगा." मी म्हटलं, सर, एक आकडा नाही सांगता येणार. दोन उंचीचे बाक प्रत्येक खोलीत हवेत, बैठक आणि डेस्क सुटी हवीत, पाय ठेवायला दांडी हवी, आणि दाराजवळच्या एका डेस्कखाली व्हीलचेअर जाईल एवढी मोकळी जागा. त्यांनी खर्चाचं विचारलं, मी स्थानिक फॅब्रिकेटरकडून आणलेला अंदाज दाखवला. त्यांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि मग मापनाच्या त्रुटीवर बराच वेळ खोदून खोदून विचारलं. मला ते फार आवडलं.

प्रबंधातला मापांचा तक्ता आणि दोन पानी शिफारस आम्ही विभागातर्फे बांधकाम आणि खरेदी पाहणाऱ्यांकडे दिली आहे. नव्या वर्गखोल्यांची खरेदी अजून व्हायची आहे. दरम्यान विभागातल्या सुताराने दोन जुन्या बाकांना खाली आडवी फळी ठोकून दिली. सकाळच्या तासाला त्या बाकांवर जागा धरायला मुली दहा मिनिटं आधी येतात.